पिंपातली धुरी : बांगडा आणि कोंबडीसाठी घरच्या घरी स्मोकर

स्मोकर करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी लाकडाची चौकशी करतात. आंब्याचं घ्यावं की बाभळीचं? लाकूड महत्त्वाचं आहेच, पण त्याचा नंबर बराच नंतर लागतो. खरं काम हवेचं. पिंपात खालून किती हवा शिरते आणि वरून किती बाहेर पडते, एवढं हातात आलं की धूर आपोआप ताळ्यावर येतो. नाहीतर कितीही चांगलं लाकूड घाला, मासळी कडूच लागणार. म्हणून या लेखात भोकांबद्दल जरा जास्त बोलणार आहे आणि रंगरंगोटी एका वाक्यात उरकणार आहे.

इथे सांगतोय तो २०० लिटरच्या लोखंडी पिंपाचा उभा स्मोकर. खाली कोळसा, वर जाळी, मध्ये मोकळी जागा, असा साधा मामला. परस, शेतघर किंवा मोकळं अंगण असेल तर तो तुमच्यासाठी आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत किंवा बंद पडवीत तो अजिबात लावू नका. धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. शेजाऱ्यांची तक्रार ही त्यानंतरची गोष्ट.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा गरम धुरीचा स्मोकर आहे, म्हणजे मांस त्यात शिजतं आणि शिजता शिजता धुरावतं. स्कॉटलंड-नॉर्वेकडे सामन मासा न शिजवता ३० अंशांच्या खाली तासन्‌तास धुरावतात, तो गार धुरीचा प्रकार. आपल्याकडे किनारपट्टीवर नुसती हवाच ३० अंशांच्या वर असते. त्या उष्णतेत कच्ची मासळी टांगून ठेवणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. त्या वाटेला जाऊ नये.

पिंप निवडताना

भंगारवाल्याकडे दोन प्रकारची पिंपं दिसतात. एक वरून बंद, दोन बुचांचं. दुसरं पूर्ण उघडणाऱ्या झाकणाचं, ज्याला वरून आवळायची रिंग असते. आपल्याला दुसरं हवं. बंद पिंपाचं तोंड ग्राइंडरने कापता येतं, पण त्यात पूर्वी थिनर, सॉल्व्हंट किंवा इंधन असेल तर आत उरलेल्या वाफा ठिणगीसरशी पेट घेतात आणि पिंप फुटतं. आधी काय होतं हे खात्रीने सांगता येत नसेल, तर कितीही स्वस्त असलं तरी ते तिथेच सोडा.

आत खाद्यतेल, ग्लुकोज सिरप, मध किंवा फळांचा गर भरलेला असेल तर उत्तम. आंब्याचा पल्प ज्या पिंपांतून परदेशी जातो त्यांत तो थेट ओतलेला नसतो, जाड पिशवीत भरलेला असतो. त्यामुळे आतला पत्रा स्वच्छ राहतो. ओळखीत कोणी कॅनिंगवाले असतील तर आधी त्यांच्याकडे विचारा.

दोन गोष्टी निरखून बघा. पत्र्यावर चंदेरी, फुलाफुलांची झाक असेल तर तो जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, म्हणजे जी.आय. तो नको. तापल्यावर जस्ताच्या वाफा सुटतात, त्या छातीत गेल्या की थंडीताप भरतो. नळाच्या दुकानातले पाइप-निपलही (आटे पाडलेले पाइपचे आखूड तुकडे) याच कारणाने जी.आय. न घेता काळे, म्हणजे एम.एस.चे (मुलामा नसलेल्या साध्या पोलादाचे) घ्यायचे. दुसरी गोष्ट आतलं अस्तर. आतून सोनेरी, तपकिरी किंवा लालसर चकाकी दिसली तर ते रासायनिक अस्तर आहे आणि वापरण्याआधी ते पूर्ण जाळून काढावं लागेल. साधा उघडा पत्रा मिळाला तर अर्धं काम वाचतं.

लागणारं बाकीचं सामान:

- एक्स्पांडेड मेटलची (पत्रा चिरून ताणलेली) जाळी, कोळशाच्या टोपलीसाठी
- स्टेनलेस स्टीलच्या दोन गोल जाळ्या, व्यास साधारण ५५ सेमी
- ८ मिमीचे स्टेनलेस नटबोल्ट आणि वॉशर, डझनभर
- खालची भोकं उघडझाप करायला पत्र्याच्या चार चकत्या किंवा एम.एस.चे निपल आणि टोप्या
- काट्याचं थर्मामीटर, १५० ते २०० अंशांपर्यंतचं, लांब दांडीचं
- मांसात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर. यावर काटकसर करू नका
- राखेसाठी जुनी थाळी आणि पाण्यासाठी एक लहान परात

भोकं

साधारण पिंप आतून ५७ सेमी रुंद आणि ८५-८६ सेमी उंच असतं. तळापासून ५ सेमीवर, चारही बाजूंना एकेक असं २० मिमी व्यासाचं भोक पाडायचं. आधी पंच मारून खूण करा, मग बारीक ड्रिल, मग होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत). कडा कानशीने घासून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी बोट कापेल. प्रत्येक भोकाशेजारी एक बोल्ट लावून त्यावर पत्र्याची चकती फिरती बसवा. चकती सरकवली की भोक उघडं, पाव, अर्धं किंवा बंद. काही जण एका भोकाला बॉल व्हॉल्व आणि वर आलेला पाइप जोडतात, म्हणजे वाकावं लागत नाही. सोय आहे, गरज नाही.

झाकणावर १२ मिमीची आठ भोकं, कडेपासून तळहाताएवढं आत, गोलाकार.

आता हिशोब बघा. खालच्या एका भोकाचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस मिमी, चारही उघडी असतील तर साडेबाराशेच्या आसपास. वरच्या आठांचं मिळून सुमारे ९००. पेटवताना खालची चारही उघडी ठेवतो, पण एकदा लय लागली की एखाद-दीड भोकावरच काम चालतं. म्हणजे चालू स्थितीत बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा नेहमी मोठी राहते, आणि ती तशीच राहायला हवी. वरची भोकं कधीही बंद करायची नाहीत. धूर आत कोंडला की थंड होतो, त्यातलं डांबर मासळीवर बसतं आणि जिभेला बधीर करणारी कडू चव येते. तापमान कमी करायचंय? खालून करा. नवशिके नेमके झाकणाशी खेळत बसतात.

याच कारणाने पिंपात दुसरीकडून चोरटी हवा शिरू नये. झाकण नीट बसत नसेल तर दम बिर्याणीच्या हंडीसारखी कडेला कणीक लावा. उपाय जुना आहे आणि पिंपालाही लागू पडतो.

टोपली, जाळी, थर्मामीटर

कोळशाची टोपली ३५ सेमी रुंद, २० सेमी उंच. एक्स्पांडेड जाळी गोल वळवून वेल्डिंग करून घ्या. फॅब्रिकेशनवाल्याला चित्र काढून दिलं की तासाभराचं काम. खाली ८ सेमीचे पाय हवेत, म्हणजे राख खाली पडते आणि निखाऱ्यांना हवा मिळते. पायांमध्ये राखेची थाळी सरकवा. टोपलीला वरून आडवी कडी लावून घ्या, भरलेली टोपली खाली सोडताना तिची किंमत कळते.

मुख्य जाळी टोपलीच्या तळापासून ६० सेमी वर यायला हवी. म्हणजे पिंपाच्या वरच्या काठापासून साधारण १८ सेमी खाली चार बोल्ट लावायचे आणि त्यावर जाळी टेकवायची. हे अंतर कमी करू नका. चरबी निखाऱ्यावर पडून भडका उडाला तर काजळी सरळ मांसावर येते आणि तिच्यात बेंझोपायरीनसारखी कर्करोगाशी जोडलेली द्रव्यं असतात. युरोपीय संघाने धुरावलेल्या मांसात आणि बहुतेक माशांत बेंझोपायरीनची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅम घालून दिली आहे. आपण घरी मोजू शकत नाही. अंतर ठेवू शकतो, आणि असं मांस रोज न खाता कधीमधी खाऊ शकतो.

दुसऱ्या जाळीसाठी १५ सेमी खाली आणखी चार बोल्ट. दोन जाळ्यांवर मासळी लावली तर अर्ध्या वेळेत त्यांची अदलाबदल करायची, कारण खालची जास्त तापते. घानामध्ये, अक्राजवळच्या चोरकोर या मच्छीमार वस्तीत १९७० च्या सुमारास जी भट्टी तयार झाली, तिच्यात तर लाकडी चौकटींच्या जाळ्या एकावर एक रचतात आणि ती रासच धुराड्याचं काम करते. तिथेही बायका जाळ्या खाली-वर करत राहतात. मासळीचा धंदा मोठा करायचा असेल तर पिंपापेक्षा ती विटा-मातीची चौकोनी भट्टी जास्त कामाची.

थर्मामीटर मुख्य जाळीच्या पातळीला बाजूने बसवा, झाकणावर नाही. बसवण्याआधी उकळत्या पाण्यात दांडी बुडवून बघा. किनाऱ्यावर काटा १०० दाखवायला हवा. महाबळेश्वरला असाल तर ९५-९६. तिथे पाणीच तेवढ्यावर उकळतं.

जाळून साफ करणं

भोकं पाडून झाली की पिंप मोकळ्या जागेत, घरापासून लांब न्या. आत सुकी लाकडं रचून मोठा जाळ करा आणि तास-दोन तास धडधडत ठेवा. आतलं अस्तर आणि बाहेरचा रंग दोन्ही जळून पापुद्रे सुटतील. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा, तो धूर विषारी असतो. गार झाल्यावर तारेच्या ब्रशने घासून आतला पत्रा उघडा पडेपर्यंत साफ करा, धुवा, लगेच पुसा. कुठे अस्तर राहिलं असेल तर पुन्हा जाळ. बाहेरून उष्णतारोधक काळा रंग मारा. आतून कधीही नाही.

मग आतून गोडेतेलाचा पातळ हात फिरवा, टोपलीत कोळसा घाला आणि रिकामं पिंप १२० ते १५० अंशांवर दोन-तीन तास चालवा. आत काळसर, कोरडा थर बसतो आणि गंज लांब राहतो. या फेरीत काहीही शिजवायचं नाही. उलट चकत्या सरकवून बघा, कुठली किती उघडली की काटा कुठे जातो ते लक्षात ठेवा.

कोळसा आणि लाकूड

लाकडी कोळसाच घ्यायचा. दगडी कोळसा नाही, त्यातल्या गंधकाचा वास मांसात उतरतो. करवंटीचा कोळसा मिळाला तर फारच छान, तो एकसारखा आणि जास्त वेळ जळतो. रॉकेल किंवा पेट्रोल टाकून पेटवू नका.

लाकूड फळझाडाचं किंवा कठीण जातीचं. आंबा, पेरू, चिकू, फणस, चिंच, बाभूळ. मला माशाला पेरू आणि मटणाला बाभूळ आवडते. आंबा कशालाही चालतो. नारळाची सोडणंही (वरची तंतुमय सालं) चालतात, फक्त त्यांचा धूर उग्र असतो. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर टूना उकडून सोडणांच्या धुरावर धुरावतात आणि मग उन्हात कडक वाळवतात. बांगड्याला मात्र चिमूटभरच.

चीड, देवदार असली राळेची लाकडं नकोत, निलगिरी नको, प्लायवूड आणि रंगवलेलं फर्निचर तर मुळीच नको. कोकणात काजूची टरफलं जळणाला सर्रास वापरतात. ती इथे चालणार नाहीत, त्यांच्या तेलाने अंग भाजतं. बिब्ब्याचं लाकूड तर कुठल्याच चुलीत घालू नये.

लाकूड भिजवायचं नाही. पाणी वरच्या सालीपलीकडे फारसं जात नाही. ते वाफ होऊन निघेपर्यंत लाकूड नुसतं धुमसतं. सहा महिने सावलीत सुकलेले, मुठीएवढे तुकडे हवेत.

पेटवायची रीत अशी. टोपली न पेटलेल्या कोळशाने भरा, मध्ये खळगा करा, लाकडाचे तीन-चार तुकडे कोळशात इथे-तिथे पुरा. शेगडीवर दहा-बारा निखारे लाल करून खळग्यात सोडा. आग मधून बाहेर हळूहळू सरकते, आणि भरलेली टोपली, म्हणजे चार-पाच किलो कोळसा, ११० ते १२० अंशांवर पाच-सहा तास सहज पुरते.

सुरुवातीला चारही भोकं उघडी. काटा ९० वर आला की दोन बंद, १०० वर तिसरं बंद, मग उरलेल्या एकाने खेळायचं. हवं ते तापमान आल्यावर भोकं बंद करायला गेलात तर उशीर झाला. चढलेलं पिंप उतरवायला अर्धा-पाऊण तास जातो. एका वेळी चकती पाव वळणच हलवा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. झाकण उघडून बघायची हौस आवरा. झाकण उघडलं की पिंप गार होईल असं वाटतं, होतं उलट. निखाऱ्यांना भरभरून हवा मिळते आणि पुढच्या दहा मिनिटांत काटा वर जातो.

पहिली वीस-तीस मिनिटं दाट पांढरा धूर येईल. त्यात मासळी ठेवू नका. लाकूड धड जळत नसतं तेव्हा तो पांढरा धूर निघतो. नीट हवा मिळाली की धूर विरळ, निळसर, उन्हात जेमतेम दिसणारा होतो. लाकडातलं लिग्निन तुटून ग्वायकॉल, सिरिंगॉल ही द्रव्यं तयार होतात, धुरीचा जो वास आपल्याला हवा असतो तो त्यांचा. हा निळा धूर दिसला की जाळी लावायची.

बांगडा

धुरीला तेलकट मासा लागतो. बांगडा, तारली, रावस, सुरमईचे जाड तुकडे. पापलेट चालतं, पण मला त्यात फायदा दिसत नाही. त्याची नाजूक चव धुराखाली हरवते.

बांगडा बर्फातलाच घ्या आणि घरी येईपर्यंत बर्फातच ठेवा. बांगडा, कुपा, गेदर या जातींत उष्णतेने हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही आणि धुरीनेही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, जीभ चुरचुरणं, डोकं दुखणं हा त्याचाच प्रकार. डोळे खोल गेलेला, पोट मऊ पडलेला बांगडा स्वस्त मिळाला म्हणून स्मोकरमध्ये घालू नका.

कल्ले आणि आतडी काढून, पाठीकडून उभा चिरून पुस्तकासारखा उघडा. पोटाकडची कातडी जोडलेली राहू द्या. एक लिटर पाण्यात ८० ग्रॅम मीठ आणि हवा तर ४० ग्रॅम गूळ विरघळवून, फ्रिजमध्ये गार करून, त्यात मासे तासभर ठेवा. मग एकदा साध्या पाण्यातून काढून पुसा.

पुढची पायरी लोक टाळतात आणि तिथेच फसतात. मासे जाळीवर पसरून पंख्याखाली किंवा फ्रिजमध्ये उघडेच सुकवायचे, वरून बोट लावलं की किंचित चिकट, चकचकीत पापुद्रा जाणवेपर्यंत. पंख्याखाली तासभर पुरतो, मात्र खोली गार हवी आणि वर मच्छरदाणीचं कापड. दमट दिवस असतील तर फ्रिजच बरा, दोन-तीन तास. हा पापुद्रा धूर धरून ठेवतो; ओल्या माशावर धूर बसत नाही, ओघळतो. सुकल्यावर आगळाचा (कोकमाच्या खारट रसाचा) एक हात आणि भरडलेली मिरी. हळद-तिखट लावू नका, ते तव्यावरच्या बांगड्याला ठीक.

टोपली अर्धीच भरा, दोन किलो कोळसा खूप झाला, लाकडाचे दोन तुकडे. खालच्या जाळीवर पाण्याची परात ठेवा, म्हणजे थेट आच लागत नाही. वरच्या जाळीला तेल लावून मासे कातडी खाली करून मांडा. पहिला पाऊण तास ७० ते ८० अंश, मग हळूहळू १०० ते ११०. साधारण दीड-दोन तासांत रंग सोनेरी तपकिरी होतो. पण रंगावर जाऊ नका. सगळ्यात जाड भागात डिजिटल थर्मामीटर खुपसा. ७० अंश दिसले की तिथून अर्धा तास तेवढंच ठेवून मग काढा. वर पांढरे थेंब आले असतील तर आच पटकन चढली एवढाच त्याचा अर्थ, खायला काही अडत नाही.

गरम खाण्यापेक्षा हा मासा फ्रिजमध्ये एक रात्र राहिला की धूर आत मुरतो. काटे काढून, कांदा, ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि लिंबू घालून कोशिंबीर करा. भाकरीबरोबर.

कोंबडी, मटण, डुक्कर

कोंबडी कातडीसकट हवी. दुकानात न सांगता सोलूनच देतात, तेव्हा आधीच बजावा. तंगड्या लिटरला ५० ग्रॅम मिठाच्या पाण्यात फ्रिजमध्ये चार तास, मग सुकवून १२० ते १३० अंशांवर दीड-दोन तास. हाडाजवळ ७४ अंश भरलेच पाहिजेत. इथे परातीची गरज नाही, थोडी आच लागली तर कातडी कुरकुरीत होते.

मटणाची रान किंवा डुकराचा खांदा ही दिवसभराची कामं. ११० ते १२० अंशांवर सहा-आठ तास, आतलं तापमान ९० ते ९५ होईपर्यंत, तेव्हा कुठे स्नायूंतली चिवट जाळी विरघळते. मध्येच ७० च्या आसपास काटा तासन्‌तास हलत नाही. मांसाचं पाणी वर येऊन उडत असतं, त्याने आच खाल्ली जाते. घाबरून कोळसा वाढवू नका. फार वेळ झाला तर मांस केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळा.

टिकवण आणि निगा

धुरावलेला बांगडा म्हणजे सुकी मासळी नव्हे. सुक्या बोंबलात पाणीच उरलेलं नसतं म्हणून तो डब्यात टिकतो. आपला बांगडा आतून ओला आहे. तो फ्रिजमध्ये, ४ अंशांच्या खाली, तीन-चार दिवस. फ्रीझरमध्ये दोन महिने. हवाबंद पाकिटात भरून साध्या फ्रिजमध्ये ठेवू नका. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू हवा नसतानाच वाढतात आणि त्यातले काही फ्रिजच्या थंडीतही वाढतात. हवाबंद करायचं तर थेट फ्रीझरमध्ये, आणि वितळवताना पाकीट आधी फोडायचं.

काम झालं की पाणी ओतू नका. खालची भोकं बंद करा आणि फक्त आता, मांस बाहेर काढल्यावर, वरचीही बुजवा. निखारे आपोआप विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला वापरता येतो. राख दुसऱ्या दिवशी, तीही पत्र्याच्या बादलीत; वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा बराच काळ जिवंत राहतो. पिंप विटांवर ठेवा, जमिनीला टेकलेलं बूड आधी सडतं. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे लोंबायला लागले की खरवडून टाका, नाहीतर ते मासळीवर पडतात. पावसाळ्याआधी टोपली आणि जाळ्या काढून तेल लावून घरात घ्या, आणि पिंपावर ताडपत्री टाकताना झाकणाखाली एक काडी अडकवून फट ठेवा, आत वास कोंडून बुरशी धरत नाही.